शिगेचा चमचा

माझी कन्या हॉलंडमधील आइंडहोव्हन या गावी असते. गेल्या दिवाळीच्या महिनाभर आधी तिचा निरोप आला: ‘बाबा, आजीच्या वहीतली नानकटाई केली. साबण झाला. आजीचा एक चमचा म्हणजे किती ग्रॅम, तेवढे कळवा.’ सोबत एक छायाचित्र होते. त्यात पसरट, तांबूस, एकमेकींना चिकटलेल्या चकत्या पाहून मला त्या मुलीची दया आली आणि थोडे हसूही आले. सतराव्या शतकात डचांनी सुरतेस वखार घातली. त्यांच्याच भट्टीतून पुढे पारशी भटारखान्यात आणि तेथून घरोघर नानकटाई गेली, अशी कथा सुरतेकडे सांगतात. सुरत ते धुळे हा रस्ता काही लांबचा नव्हे. कोंडाईबारीचा घाट चढून आलेला हा पदार्थ तीनशे वर्षांनी हॉलंडला परत जावा आणि तेथे पोचताच त्याचा साबण व्हावा, यात मला नियतीचा थोडासा विनोद दिसला.

परंतु प्रश्न साधा होता व त्याचे उत्तर देणे प्राप्त होते. चमचा म्हणजे किती ग्रॅम? इंग्रजी साहित्य शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली, अशा मनुष्यास हा प्रश्न पाच मिनिटांचा वाटला, हे कबूल करतो. कोष्टक उघडावयाचे, आकडा पाहावयाचा व कळवावयाचा. मी कोष्टक उघडले. त्यात चहाच्या चमचाभर सोड्याचे वजन ४.६ ग्रॅम दिले होते. खात्रीसाठी दुसरे उघडले, तर त्यात ६. मोठा चमचा म्हणावा, तर तो बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. आणि हे सर्व चमचे ज्यांचे, त्या मंडळींनी आमच्या स्वयंपाकघरातील चमचा कधी पाहिलेलाही नव्हता.

तेव्हा मी मुळाकडे, म्हणजे आईच्या वहीकडे गेलो. वही जुनी आहे. तिच्या कडा तुपाने पारदर्शक झाल्या आहेत. नानकटाईच्या पानावर एवढेच आहे: ‘मैदा ४ मापटी, चाळून, सपाट. पिठीसाखर २ मापटी. तूप १ मापटे व वर थोडे. सोडा ३ चमचे, शिगेचे. वेलदोडे, जायफळ. मीठ चिमूट.’ बाकी काही नाही. किती वेळ मळावे, किती वेळ भाजावे, हे लिहिण्याची तिला गरज वाटली नाही, कारण मळणारी ती स्वतः होती आणि भाजणारा भट्टीवाला होता.

मुलीने काय केले असेल ते या पानावरून लगेच ध्यानात आले. तिच्याजवळ मापटे नाही. तिने घरातील एक पेला घेतला. ४ पेले मैदा, २ पेले साखर, १ पेला व वर थोडे तूप. यात तिची काहीही चूक नाही. मापटे असो, पेला असो की नारळाची करवंटी असो, जोवर सगळे जिन्नस एकाच भांड्याने मोजले जातात, तोवर त्यांचे परस्परांशी प्रमाण ढळत नाही. आपल्याकडील वाटीच्या हिशेबाची सारी मातब्बरी येथे आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले. त्यातील मापे वाट्या-चमच्यांची, आणि तरी ते पुस्तक ज्या घरांत गेले त्या घरांतील वाट्या काही एका साच्यातल्या नव्हत्या. वाटी लहान तर पदार्थ थोडा होईल, एवढेच. बिघडणार नाही.

बिघडतो तो चमच्यापाशी. कारण चमच्याचे वाटीशी काही नाते ठरलेले नाही. मुलीचा पेला आमच्या मापट्याच्या निम्म्याहून लहान. तिचा चमचा मात्र आमच्या चमच्याच्या दुपटीहून मोठा. मैदा निम्मा झाला, सोडा दुप्पट झाला, आणि वहीचे पान अक्षरशः पाळूनही तिच्या पिठात चौपटीहून अधिक सोडा पडला. सोडा भट्टीत तापला की त्यातून वायू सुटतो, नानकटाई फुलते व तिला वर त्या सुंदर चिरा पडतात. परंतु जरुरीपेक्षा अधिक झालेला सोडा मागे क्षार ठेवून जातो. रंग तांबूस येतो आणि चव साबणाची लागते. मुलीने केलेले वर्णन रसायनशास्त्रास धरूनच होते.

आता मापट्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घरी ते पितळेचे आहे, आणि १९६२ साली आई या घरात सून म्हणून आली तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरून ठेवलेले माप ते हेच. तिने उजव्या पायाने ते ओलांडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानेच ती घरचे धान्य मोजू लागली. गंमत अशी की, नव्या वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला, आणि आईचे लग्न झाले त्या सुमारास शेर, छटाक व नवटाक दुकानांतून मोडीत निघाले होते. म्हणजे जे माप कायद्याने बाद केले, त्याच मापाने तिचा संसार सुरू झाला. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा दुपटी-दुपटीचा हिशेब शाळेत न गेलेल्या माणसालाही जमे, कारण त्याला गुणाकार लागत नसे. भांड्यात भांडे ओतून तो दाखविता येई.

मी ते मापटे पाण्याने भरून मोजले. ५६० मिलिलिटर भरले. मग तांदूळ भरून वजन केले, ४५० ग्रॅम. चाळलेला मैदा हलक्या हाताने भरला, वरून हात फिरवून सपाट केला; २८० ग्रॅम. तोच मैदा मापटे ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरला, ३५०! भांडे तेच, मैदा तोच, आणि दोन आपटण्यांत सत्तर ग्रॅमचा फरक. ‘चाळून, सपाट’ हे वहीतील दोन शब्द मी आजवर शोभेचे समजत होतो. त्या दोन शब्दांत आईने वजनच लिहून ठेवले होते.

पण तिसरा शब्द अवघड होता. ‘शिगेचे.’ वाचकांपैकी पुष्कळांनी हा शब्द फक्त उत्साह शिगेला पोचल्याच्या बातमीत वाचला असेल. माप काठोकाठ भरल्यावर त्यावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. देणाऱ्याने ती लावावी, घेणाऱ्याने ती पाहावी, आणि तिच्यावरून माणसाची दानत ओळखावी, असा व्यवहार होता. आपली भाषा या असल्या सामानाने किती भरलेली आहे! एखाद्याची प्रकृती तोळामासा असते, एखादा दुसऱ्याच्या पासंगाला पुरत नाही, शेरास सव्वाशेर भेटतो, मापात पाप होते. तोळे गेले, मासे गेले, शेर गेले. बोलण्यातून मात्र कोणत्याही कायद्याला ते काढता आले नाहीत. राजवाडे संशोधन मंडळावरून जाताना मला कधी कधी वाटते की, इतिहासाचार्यांनी शब्दांच्या मुळांमागे जो ध्यास घेतला तो या गावाला थोडासा तरी बाधला असावा. एरवी नानकटाईच्या कृतीत माझ्यासारखा मनुष्य व्युत्पत्तीपाशी का अडकावा?

असो. शिगेविषयी एक गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच उमगली. माप जितके लहान, तितकी शीग मोठी. पायलीवरील शीग पायलीच्या मानाने थोडी. मापट्यावरची थोडी अधिक. पण चमच्यावरची शीग चमच्यातील जिनसाच्या निम्म्यालाही पोचते. म्हणून ज्या घरात मैदा सपाट मोजतात तेथेच सोडा शिगेने मोजला, तर खरी अनिश्चितता त्या एवढ्याशा चमच्यात येऊन बसते. अमेरिकेत फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात चमचा सुरीच्या धारेने सपाट करून घ्यावा असा आग्रह धरला, तो एवढ्याचसाठी. बाई करड्या होत्या, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

आईचा चमचा मिसळणाच्या डब्यात असतो. पितळी, दांड्याला किंचित वाकलेला, आणि कोणत्याही कोष्टकात न बसणारा. घरातील विजेचा काटा मी पुढे ओढला व आईस म्हणालो, ‘नेहमी घेतेस तसा सोडा घे.’ तिने घेतला. काट्याने ३ दाखविले. पुन्हा घेतला, २. पुन्हा, २. हा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवितो. ११२० ग्रॅम मैद्यात एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोणाचे काही जात नाही, पण तीन ग्रॅमांत एक ग्रॅम म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय या काट्यांना एक खोड असते. त्यांवर जिन्नस अगदी हळूहळू शिंपडत गेलो, तर ते त्याला शून्याभोवतीची थरथर समजून गिळून टाकतात व आकडा हलवीतच नाहीत. थोडक्याचे वजन करण्यास स्वयंपाकघरातील काटा लायक नाही, असा माझा निर्णय झाला. वजनाचे भक्त हे ऐकून रागावतील. परंतु नीट ओळखीचा, सपाट भरलेला चमचा अशा काट्यापेक्षा शतपटीने विश्वासू.

तर मग त्या चमच्याची ओळख करून घेणे आले. दहा चमचे मोजून बेरजेला दहाने भागावे, म्हणजे काट्याची चूकही दहा ठिकाणी विभागली जाते, ही युक्ती मला सुचली. आणि काटाच जर सोनाराचा मिळाला तर भागण्यापूर्वी प्रत्येक चमचा निराळाही पाहता येईल, हेही सुचले. मी कागदाचे दहा तुकडे केले. आई चमचे भरीत गेली, मी पुड्या बांधीत गेलो. ती मोजताना ‘एक’ म्हणत नाही. खळ्यावर धान्य मोजणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणते. ‘लाभ, दोन, तीन...’ असे दहापर्यंत आम्ही गेलो. तिचे वय त्र्याऐंशी. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. हाताकडे पाहावयास हवे होते.

आमच्या ओळखीचे एक सराफ आहेत. १८१८ नंतर ब्रिग्ज साहेबाने आखून दिलेल्या सरळ गल्ल्यांतून, खिशात सोड्याच्या दहा पुड्या घेऊन मी त्यांच्या पेढीवर गेलो. जळगावच्या सोन्याचे नाव मोठे, पण काट्याच्या बाबतीत धुळेही मागे नाही. या पेढीवरचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवितो व त्याला वारा लागू नये म्हणून काचेची पेटी आहे. सराफांनी पहिली पुडी उघडली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिले. मी कारण सांगितले. त्यांनी काही न बोलता पेटीचे दार लावले, आणि एखाद्या लग्नाघरची मोड तोलावी तितक्याच गांभीर्याने दहाही पुड्या तोलल्या. आकडे मी लिहून घेतले. दशांशापुरतेच येथे देतो. २.१, ३.४, १.७, २.६, २.०, २.९, १.५, २.४, २.८, १.६. बेरीज २३ ग्रॅम, सरासरी २.३. ‘म्हणजे जुन्या हिशेबाने एकोणीस गुंजा,’ सराफ म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या वेळच्या लाल-काळ्या गुंजा अजून त्यांच्या गल्ल्यात आहेत. मग त्यांनी माझ्या हातातील कागद घेऊन आकड्यांवरून बोट फिरविले व हलकेच विचारले, ‘सर, हे कोणी भरले? हात स्थिर नाही.’

मी ‘आईने’ म्हणालो आणि पुढे माझ्याने बोलवेना.

याचे कारण सांगितले पाहिजे. दोन-तीन वर्षांपासून आमची नानकटाई बिघडली होती. साबण नव्हे, उलट गोट्यांसारखी टणक, वर एक चीर नाही. दिवाळीच्या आधी घरचे पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर न्यावयाचे, पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवावयाची व रात्री उशिरा डबे भरून आणावयाचे, हा आमचा लहानपणापासूनचा क्रम. भट्टीवर रांग असते. मुले जागरण करतात. गल्लीभर वेलदोड्याचा वास सुटतो. एका वर्षी टणक झाली तेव्हा आम्ही मैद्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी तुपाला. तिसऱ्या वर्षी मी स्वतः भट्टीवर जाऊन त्या माणसास चार माणसांदेखत बोललो की, त्याची भट्टी पूर्वीसारखी तापत नाही व त्याचे लक्ष पैशाकडे आहे. तो माझ्याहून वयाने मोठा. ‘सर, भट्टी तीच, लाकूड तेच. पीठ तुमच्या घरून येते,’ एवढेच तो म्हणाला. मला ते उत्तर उद्धट वाटले होते.

पीठ आमच्या घरूनच येत होते. तीन शिगेच्या चमच्यांऐवजी, थरथरत्या हातातून ओट्यावर सांडून उरलेले तीन चमचे त्यात पडत होते. आईला ते कळले नव्हते, कारण चमचा डब्यातून निघताना भरलेला असे. आम्हाला कळले नव्हते, कारण आम्ही तिच्या हाताखालून ओटा पुसणारी माणसे नव्हतो; आम्ही खाणारी माणसे. घरातील एका माणसाचा हात तीन वर्षे कापत होता व ती वार्ता मला परक्या सराफाकडून कळली.

आता मुलीला कोणता आकडा कळवावा? २.३ हा आईचा खरा आजचा चमचा होता; पण वही लिहिली तेव्हाचा नव्हे. तो हात कोठे शोधावा? अमळनेरला माझी थोरली बहीण असते. ती आईच्याच हाताखाली शिकली, आणि आई जशी मनगट किंचित झटकून शीग बसविते तशीच तीही बसविते, हे मी पुष्कळदा पाहिले होते. पुढच्या रविवारी चमचा खिशात घालून अमळनेर गाठले. अक्काने माझ्या वेडाला नाव ठेविले, चहा केला, आणि दहा पुड्या भरून दिल्या. त्याही सराफांच्या पेटीत गेल्या. ३.२ पासून ३.५ पर्यंत, मध्ये कोठे खाचखळगा नाही. बेरीज ३३ ग्रॅम आणि वर चार दशांश. म्हणजे तीन चमचे १० ग्रॅम. सराफ हसले. मूळचा तोळा साडेअकरा ग्रॅमांच्या किंचित वर भरे, पण आता पेढीवर १० ग्रॅमांनाच तोळा म्हणण्याची चाल आहे. ‘घ्या सर, बरोबर एक तोळा!’ दहा ग्रॅमांच्या जागी सात. आमच्या तीन दिवाळ्या त्या तीन ग्रॅमांनी टणक केल्या होत्या.

मुलीला मी कळविले: ११२० ग्रॅम मैद्यास १० ग्रॅम सोडा, तुझ्या ५०० ग्रॅमांस साडेचार. तुझा काटा साडेचार दाखविणार नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नकोस. तुझ्या लहान चमच्याने, सुरीने सपाट केलेला, एक चमचा घे व त्यातून किंचित काढ. तिचे उलट उत्तर आले की, शेवटी चमच्यावरच यावयाचे होते तर सोनाराकडे कशाला गेलात? या मुलीला तिच्या आजीची जीभ आहे.

भट्टीवाल्याकडे मात्र मी चमचा घेऊन गेलो नाही, नुसताच गेलो. काय घडले ते सांगितले. त्याने हात पिठातून काढून पुसले, माझे बोलणे पुरते ऐकले, आणि दिवाळीच्या गर्दीत आमचे पत्रे कोणत्या दिवशी घ्यावयाचे एवढेच विचारले. तो दुसरे काही बोलता तर बरे झाले असते.

राहता राहिली आई. आकड्यांचा तो कागद मी वहीच्या मागच्या पानात दडवून ठेवला होता. दोन कागद, दोन हात, असे ते एकमेकांशेजारी तिच्या दृष्टीस पडू नयेत, असे मला फार वाटत होते. पीठ मळावयाच्या दिवशी मी साळसूदपणे म्हणालो, ‘आई, सोडा आज मीच घालतो.’ तिने माझ्याकडे पाहिले, वही उचलली, मागचे पान उघडले आणि चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. तिला ते आधीच सापडलेले होते, हे तिच्या उघडण्यावरूनच कळले.

‘हा अक्काचा,’ ती एका कागदावर बोट ठेवून म्हणाली, ‘आणि हा माझा. मग भाऊ, सरळ सांगायचे. एवढ्यासाठी सोनाराची पायरी चढलास?’ आणि चमचा माझ्या हातातून घेऊन ती मोजू लागली, ‘लाभ, दोन, तीन.’ थोडा सोडा ओट्यावर सांडला. तो तिने पाहिला, पदराने पुसला नाही, आणि डब्यात पुन्हा चमचा घातला.

‘चार.’